पावसाळी घाट आणि ४एचवर राहिलेली दांडी: एका पार्ट-टाईम फोर बाय फोरचं प्रकरण

जुलैचा तिसरा आठवडा. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, तिथून म्हसळ्याच्या अलीकडे आंब्याच्या बागेतल्या घरी मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. गाडीत चार माणसं आणि सामान. गाडी लॅडर फ्रेमवरची, डिझेल, मॅन्युअल गिअरची. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर सुमारे २.६ मीटर, टायर २१५/७५ आर१५. मुख्य गिअरच्या शेजारी दुसरी छोटी दांडी आणि तिच्यावर २एच (फक्त मागची दोन चाकं), ४एच (चारही चाकं, नेहमीचा वेग), एन (न्यूट्रल), ४एल (चारही चाकं, कमी वेग आणि जास्त जोर) ही अक्षरं. थार, जिम्नी, जुनी जिप्सी याच घराण्यातल्या. एरवी मागच्या चाकांवर चालायचं आणि गरज पडली की पुढची चाकं जोडायची, म्हणून हिला पार्ट-टाईम म्हणतात.

जाताना पौडच्या पुढे पाऊस लागला आणि चालकाने दांडी ४एचवर टाकली. घाट उतरून विळ्याला पोचेपर्यंत ती तिथेच होती. खाली कोकणात ऊन पडलं होतं, निजामपूरपासून रस्ता कोरडा होता, तरी दांडी हलली नाही. माणगावात पेट्रोल पंपावर वळायला स्टेअरिंग पूर्ण कापलं तेव्हा गाडी कोणीतरी हँडब्रेक ओढल्यासारखी अडली. स्टेअरिंग जड झालं, टायर कुरकुरले. अर्धा क्लच धरून रेटल्यावर खालून ‘खट्’ असा मोठा आवाज झाला आणि गाडी वळली. मग दांडी २एचवर ओढायला घेतली तर ती डिंकात रुतल्यासारखी. दोन्ही हातांनी ओढल्यावर ती आली, पण डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा लुकलुकतच राहिला.

बागेकडे जाणारा शेवटचा ६००-७०० मीटरचा रस्ता जांभ्या दगडाचा आणि लाल मातीचा. मधे पाण्याने पाडलेले चर आहेत आणि चढ असा की पायी उतरताना टाचा रोवाव्या लागतात. तिथे ४एच आणि पहिल्या गिअरमध्ये चढताना चाकं भिरभिरली, नक्षी मातीने भरून टायर गुळगुळीत झाले आणि गाडी अर्ध्यावर थांबली. शेवटी चार माणसं उतरल्यावर ती वर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हाच उतार चालकाने २एच आणि ब्रेकवर उतरायला घेतला. ४एचनेच काल बिघाड झाला, अशी त्याची समजूत झाली होती. गाडीची मागची बाजू दोनदा बांधाकडे सरकली.

म्हणजे एकाच फेरीत पुढची चाकं जिथे जोडायला नको होती तिथे साठ-सत्तर किलोमीटर जोडलेली राहिली आणि जिथे हवीच होती तिथे सोडलेली होती. या प्रकरणातली प्रत्येक चूक एकाच गैरसमजातून आली आहे. चालकाने मोड निवडला तो पावसाकडे आणि धोक्याकडे बघून. निवडायचा असतो तो टायरखालची जमीन चाकाला थोडं घसरू देते की नाही, हे बघून.

पेट्रोल पंपावर काय अडलं

वळताना गाडीची चारही चाकं वेगवेगळ्या वर्तुळांवर चालतात. डाव्या-उजव्या चाकांतला फरक प्रत्येक अॅक्सलमधलं डिफरन्शियल सांभाळतं. पण पुढची चाकं मिळून मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात, कारण मागची चाकं वळण आतून कापतात. एसटी वळताना मागचं चाक फुटपाथला लागतं ते याचमुळे. हा पुढचा-मागचा फरक सांभाळायला मधे तिसरं डिफरन्शियल लागतं, आणि पार्ट-टाईम गाडीत ते नसतं. ४एच टाकलं की ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत, पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारे फिरते दांडे) एकमेकांना पक्के जोडले जातात. दोघांनी सारखेच फेरे मारायचे, दुसरा पर्याय नाही.

हा फरक किती, हे आकड्यात पाहिलं की अंगावर येतं. पंपावरच्या वळणात मागच्या अॅक्सलच्या मध्याची त्रिज्या ६ मीटर धरा. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.६ मीटर असेल तर पुढच्या अॅक्सलच्या मध्याची त्रिज्या येते ६.५४ मीटर. अर्धं वर्तुळ वळताना मागचा अॅक्सल १८.८५ मीटर चालतो, पुढचा २०.५४. फरक १.६९ मीटर. या टायरचा घेर २.२१ मीटर आहे, म्हणजे एका वळणात चाकाचा पाऊण फेरा. अॅक्सलचं गुणोत्तर ४.१ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१, तर शाफ्टचे तीन फेरे. शाफ्ट तर जोडलेले. मग हे तीन फेरे जातात कुठे? चिखलात किंवा खडीवर चाक थोडं घसरतं आणि हिशेब तिथल्या तिथे मिटतो, चालकाला पत्ताही लागत नाही. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, त्यामुळे तो ताण शाफ्ट, जॉइंट, ट्रान्सफर केसची चेन आणि क्राउन-पिनियन या डिफरन्शियलच्या गिअरच्या दातांत पीळ होऊन साठतो. गाडी अडल्यासारखी वाटते ती या पिळाने. ‘खट्’ आवाज आला तेव्हा एक टायर झटक्यात घसरला आणि पीळ सुटला. सुटला ते नशीब, कारण त्या क्षणी शाफ्टच्या जॉइंटमधला क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) तुटू शकला असता.

दांडी रुतली तीही याचमुळे. ४एचमध्ये जोडणारी स्लीव्ह (सरकणारं दातेरी कडं) दातांवर दाबली गेलेली असते आणि पीळ असेपर्यंत ती सरकत नाही. अशा वेळी जोर लावला तर सिलेक्टर फोर्क, म्हणजे ती सरकवणारा काटा, वाकतो. दिवा लुकलुकत होता कारण दांडी आली तरी पुढची बाजू पुरती सुटली नव्हती.

घाटातली वळणं पंपाइतकी तीव्र नसतात. १२ मीटर त्रिज्येच्या वळणात अर्ध्या वर्तुळाला फरक ८७ सेंटिमीटर येतो. रस्ता ओला असल्यामुळे टायर अधूनमधून घसरून पीळ सोडत राहिले, म्हणून घाटात काही जाणवलं नाही. पण हे घसरणंच ओल्या वळणात नको असतं. पुढची चाकं पिळामुळे आधीच रस्त्यावर ओढली जात असतील तर वळण घ्यायला त्यांच्याकडे पकड कमी उरते आणि गाडीचं नाक वळणाबाहेर सरळ जाऊ पाहतं. ओल्या डांबराची पकड कोरड्यापेक्षा कमी असली तरी चिखलाच्या मानाने ती पुष्कळ जास्त असते. ‘पाऊस आहे, म्हणून ४एच चालेल’ हा ठोकताळा इथेच फसतो.

आणखी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ४एचने गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. ओल्या रस्त्यावर फोर बाय फोर सुटताना आणि चढताना मदत करते, थांबताना नाही. धुक्यात, समोरून ट्रक येत असताना, कामाला येतात ते टायर आणि कमी वेग.

टायरने घातलेली भर

तपासणीत दुसरं कारण सापडलं, आणि ते आधी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. महिनाभरापूर्वी मागचा डावा टायर कापला गेला होता. त्या जागी कधीही न वापरलेली स्टेपनी लागली. तिची नक्षी ८ मिलिमीटर, बाकी तिघांची साडेतीन. म्हणजे त्या एका चाकाची त्रिज्या साडेचार मिलिमीटरने मोठी आणि मागच्या अॅक्सलची सरासरी सव्वादोन मिलिमीटरने. ढोबळ हिशेबाने ०.६ टक्के फरक. कागदावर काहीच नाही. पण ४एचमध्ये हा फरक सरळ रस्त्यावरही थांबत नाही, दर किलोमीटरला सुमारे ६ मीटर या वेगाने साठत राहतो.

तोच नवा टायर पुढे असता तर वळणात त्याने थोडी मदतच केली असती, कारण वळणात पुढच्या चाकांना जास्त अंतर हवं असतं. तो मागे होता, त्यामुळे सरळ रस्त्यावरचा पीळ आणि वळणावरचा पीळ एकाच दिशेने जमा झाला. निजामपूर ते माणगाव या कोरड्या रस्त्याने हे काम चोख केलं, आणि पंपावरच्या वळणाने शेवटचा फेरा दिला.

उपाय साधा आहे. गाडी नवी असल्यापासून स्टेपनी धरून पाचही टायर दर ८ ते १० हजार किलोमीटरला फिरवायचे. मग पाचवा टायर बाकीच्यांइतकाच झिजलेला असतो आणि एक कापला गेला तरी फरक पडत नाही. खोलीमापक पट्टी फार महाग नसते, तिने प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजावा. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो, पण कोकणातल्या पावसात ३ च्या खाली गेलेला टायर पाणी बाहेर फेकत नाही. तो बदलावाच.

कुठे कोणता मोड

पुणे ते मुळशी, पाऊस असला तरी, २एच. घाटातलं डांबर ओलं पण स्वच्छ असेल तर तिथेही २एचच. मागच्या चाकांची गाडी ओल्या चढावर तीव्र वळणात मागून सरकते ती जास्त अॅक्सिलरेटरमुळे, तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये जोर देण्याऐवजी तिसऱ्यात मऊ पायाने चढावं. उतारावर आधी गिअर उतरवून वेग वळणाच्या अलीकडेच कमी करावा. वळणात क्लच दाबून गाडी मोकळी सोडू नये.

घाटात दरड किंवा माती वाहून रस्त्यावर आलेली असेल, किंवा झाडांखालच्या सावलीत शेवाळाचा सलग पट्टा असेल, तिथे ४एच योग्य. त्या पट्ट्याच्या अलीकडे, स्टेअरिंग सरळ असताना, अॅक्सिलरेटर सोडून दांडी ओढायची. बहुतेक गाड्यांत चालता चालता हे करता येतं, वेगाची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. चाकं घसरत असताना मात्र कधीही टाकू नये, दातांवर घाव बसतो. पट्टा संपला की पुन्हा सरळ रस्त्यावर २एच. हा मोड काही शे मीटरसाठी असतो.

विळे ते माणगाव आणि पुढे म्हसळ्याकडे, २एच.

बागेचा लाल रस्ता हा ४एलचा. खरं नुकसान तिथे टळलं असतं, म्हणून जरा खोलात. ४एलमध्ये ट्रान्सफर केस वेग आणखी दोन ते अडीच पट कमी करते आणि चाकावरचा जोर तितकाच वाढवते. ४एचच्या पहिल्या गिअरमध्ये गाडी बंद पडू नये म्हणून चालकाला आरपीएम वाढवावे लागले. ते वाढताच चाकं भिरभिरली आणि चिकट मातीने नक्षी भरली. नक्षी भरलेला टायर मग कितीही चाकं जोडा, चढत नाही. ४एलच्या दुसऱ्या गिअरमध्ये हाच चढ १५०० ते २००० आरपीएमवर, एका लयीत, क्लचवरचा पाय पूर्ण काढून चढता येतो. गाडी अडली तर रेटायचं नाही, ब्रेक धरून रिव्हर्स टाकायचा आणि आल्या मार्गाने सरळ मागे यायचं. चर आला तर चाकं चराच्या दोन्ही बाजूंना ठेवावीत. चर आडवा असेल तर फार तिरपं जाऊ नये. फार तिरपं गेल्यावर पुढचं एक आणि मागचं समोरासमोरच्या कोपऱ्यातलं दुसरं चाक हलकं होतं आणि साध्या डिफरन्शियलमुळे तीच दोन फिरत बसतात. मागे लॉक होणारं डिफरन्शियल किंवा भिरभिरणारं चाक ब्रेकने धरणारी यंत्रणा असेल तर ती इथे उपयोगी पडते.

४एल टाकायला गाडी पूर्ण थांबवायची, क्लच तळापर्यंत दाबायचा, दांडी एन ओलांडून एका हालचालीत खाली न्यायची. ऑटोमॅटिक असेल तर मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये. दांडी मधेच एनमध्ये राहिली तर गाडी गिअरमध्ये असूनही उतारावर घरंगळते, म्हणून पाय ब्रेकवर आणि हँडब्रेक ओढलेला. हे सगळं चढाच्या पायथ्याशी सपाटीवर करायचं, चढाच्या मधोमध नव्हे. टायरमधली हवा ३० पीएसआय असेल तर २२ पर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते. मात्र डांबरावर येण्याआधी पुन्हा भरायला हवा भरण्याचा पंप जवळ हवा.

सकाळच्या उतारावर मागची बाजू का सरकली? २एचमध्ये इंजिनचं रोखणं फक्त मागच्या चाकांवर येतं, आणि उतारावर वजन पुढे गेल्याने नेमकी तीच हलकी झालेली असतात. ४एलच्या पहिल्या गिअरमध्ये तेच रोखणं चारही चाकांत वाटलं जातं, गाडी चालण्याच्या वेगाने, ब्रेकला हात न लावता उतरते. तरी घसरायला लागलीच तर अॅक्सिलरेटर किंचित द्यावा, म्हणजे चाकं गाडीच्या वेगाला गाठतात आणि स्टेअरिंग पुन्हा ऐकायला लागतं. हे मनाला पटायला जड आहे, म्हणून आधी सौम्य उतारावर सराव करून बघावं. अनेक गाड्यांत ४एल टाकल्यावर ईएसपी (घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) आपोआप बंद होते, हेही ध्यानात असू द्यावं.

हीच फेरी ऑल-व्हील ड्राईव्हमध्ये

चालकाचा गैरसमज कुठून आला हे समजतं. ग्रँड विटारासारख्या ऑल-व्हील ड्राईव्ह गाडीत ऑटो मोड ठेवून पावसात घाट चढला तर काहीही अडत नाही. तिथे गाडी मुख्यतः पुढच्या चाकांवर चालते आणि मागच्या अॅक्सलजवळचं क्लचसारखं कपलिंग गरजेपुरता जोर मागे पाठवतं. वळणातला फरक कपलिंगच्या प्लेट घसरून सांभाळतात. ओल्या घाटासाठी खरं सोयीचं यंत्र हेच, आणि त्यात दिवसभर काही करावं लागत नाही. त्यातला लॉक मोड मात्र ४एचसारखाच वागू लागतो, तो सैल जमिनीपुरता. बागेच्या चढावर याची मर्यादा दिसली असती. लो रेंज (४एलसारखी सोय) नाही, आणि बराच वेळ चाकं भिरभिरली तर कपलिंग तापतं आणि स्वतःला वाचवण्यासाठी मागचा जोर तोडून टाकतं. टायरच्या बाबतीत या गाड्या तर आणखी नाजूक. चारही टायरच्या नक्षीत २ ते ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर कपलिंग सरळ रस्त्यावरही सतत झिजतं.

तिसरी जात मधल्या डिफरन्शियलची. मित्सुबिशी पजेरोच्या सुपर सिलेक्ट यंत्रणेत २एच, ४एच, ४एचएलसी आणि ४एलएलसी असे चार मोड असतात. त्यातल्या ४एचमध्ये मधलं डिफरन्शियल मोकळं असतं, म्हणून तो डांबरावर बेधडक वापरता येतो. ‘एलसी’ आल्यावर ते लॉक होतं आणि डांबराला मनाई सुरू होते. म्हणजे ‘४एच’ हीच अक्षरं पजेरोत आणि थारमध्ये वेगळी यंत्रं दाखवतात. उधारीच्या किंवा भाड्याच्या फोर बाय फोरमध्ये बसण्याआधी पुस्तिकेतलं एकच पान वाचायचं असेल तर ‘कोरड्या पक्क्या रस्त्यावर वापरू नये’ ही सूचना कोणत्या मोडखाली आहे, ते पान वाचावं.

दांडी रुतलीच तर

अॅक्सिलरेटर सोडा, गाडी थांबवा, स्टेअरिंग सरळ करा आणि सरळ रेषेत ५ ते १० मीटर मागे न्या. पीळ उलटा सुटतो. मागे जातानाच, वेग अगदी कमी असताना, क्लच दाबून दांडी हलक्या हाताने २एचवर आणा. बहुतेक वेळा ती बोटांनी येते. नाही आली तर एका बाजूची दोन चाकं रस्त्याकडेच्या मातीवर घेऊन सरळ थोडं चाला. जॅक लावून एक चाक उचलल्यानेही पीळ सुटतो, पण चाक जमिनीवरून सुटताना झटक्यात फिरतं आणि गाडी जॅकवरून ढळू शकते. एकट्याने, रस्त्याच्या कडेला ते करू नये. दिवा लुकलुकत राहिला तरी हाच सरळ पुढे-मागे करण्याचा उपाय. त्यानंतरही राहिला तर वर्कशॉप.

वर्कशॉपमध्ये

गाडी परत आल्यावर ट्रान्सफर केसचं ऑइल काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा असणं नेहमीचं आहे. दोन बोटांत चोळल्यावर तो शाईसारखा मऊ लागला तर चिंता नाही. इथे लगद्यात बोटाला टोचणाऱ्या, चकाकणाऱ्या तीन-चार कपच्या होत्या. त्या दातांच्या कडांच्या. पुढच्या शाफ्टच्या जॉइंटमध्ये हाताने हलवल्यावर खेळ जाणवला, क्रॉस बदलला. चेन सैल झाली की जोर देताना दात सोडल्याचा कटकट आवाज येतो, तो नव्हता. पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल स्वच्छ निघालं आणि दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी आत गेलं नव्हतं. फोर्क सरळ होता. क्लच जळाल्याचा वास आला होता, पण तो घसरत नव्हता, म्हणून राहू दिला.

ऑइल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं भरलं. नवा टायर स्टेपनीला परत गेला आणि मागे बाकीच्यांइतकाच झिजलेला टायर लावला. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर ४एच आणि ४एल दोन्ही काही किलोमीटर चालवायचं ठरलं, कारण वापराविना स्लीव्ह आणि पुढचे हब (पुढची चाकं शाफ्टला जोडणारे) जाम होतात आणि नेमके चिखलात हवे तेव्हा लागत नाहीत.

१००० किलोमीटरनंतर ट्रान्सफर केसचं ऑइल पुन्हा काढून बघितलं. चुंबकावर नुसता मऊ लगदा होता, टोचणारं काही नव्हतं.